हॉवर्थियाला केळीसारखं पाणी देऊ नका

चांदनी (जि. बुऱ्हाणपूर) : हिरव्या टोकदार पानांवर पांढरे पट्टे, उंची जेमतेम वीतभर, आणि वाढ इतकी संथ की वर्षाकाठी मोजकीच नवी पानं येतात. नर्सरीत ‘झेब्रा कॅक्टस’ म्हणून मिळणारं हे झाड कॅक्टस नाहीच. ते हॉवर्थिया, मूळचं दक्षिण आफ्रिकेचं आणि नात्यानं आपल्या कोरफडीचं भावंड.

आपल्याकडे हे झाड तहानेनं क्वचितच मरतं, मरतं ते पाण्यानं. इकडे बुऱ्हाणपूर, पलीकडे रावेर, सगळा केळीचा पट्टा. झाडाला पाणी म्हणजे माया, हे हाताला लागलेलं वळण. पण केळीच्या रुंद पानांतून दिवसभर पाणी उडतं. हॉवर्थिया पानांवरची छिद्रं दिवसा मिटून घेतं, रात्री गारव्यात उघडतं. पाण्याचा साठाही पानांतच. मग रोज ओतलेला तांब्या मुळांशी साचतो आणि मुळं कुजतात.

निम्मा घोळ मातीचा. शेतातली काळी माती कपाशीला उत्तम, या कुंडीत मात्र घातक. ती पाणी सोडतच नाही. एक वाटी माती-शेणखत, तर दोन वाट्या जाड वाळू आणि विटेचा चुरा घ्या. कुंडी (कुणी गमला म्हणेल) मातीची, चार इंची, बुडाला भोक असलेली. चहाच्या कपात लावलेलं झाड फोटोत छान दिसतं, तेवढंच.

पाणी कधी द्यायचं? झाडूची काडी तळापर्यंत खुपसून बघा. कोरडी निघाली तरच द्या, आणि द्याल तेव्हा खालून निथळेपर्यंत. थंडीत झाड वाढतं, तेव्हा साधारण दोन आठवड्यांनी. मे महिन्यात ते जवळजवळ झोपलेलं असतं. थोडंसं, तेही संध्याकाळी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत महिनाभर नाही दिलं तरी बिघडत नाही. पाण्याच्या कूलरसमोर तर कुंडी अजिबात ठेवू नका, त्या ओलसर खोलीत माती वाळतच नाही.

जागा पूर्वेच्या खिडकीची बरी. पानं लालसर पडली तर ऊन जास्त होतंय, फिकट आणि लांबोडकी झाली तर उजेड कमी पडतोय.

पानं आत मिटून सुरकुतली तर ती तहान; पाणी दिलं की काही दिवसांत भरतात. बुडाशी मऊ, तपकिरी झाली तर ती कुज, आणि इथेच घाबरून अजून पाणी घालणारे जास्त. झाड उपटा, कुजकं कापून टाका, चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, मग कोरड्या मातीत लावा.

मोठ्या झाडाच्या बुडाशी पिल्लं येतात. मुळं फुटलेलं पिल्लू अलगद सोडवून लावता येतं, कागदात गुंडाळून माहेरीही नेता येतं. नवीन जागी पहिला आठवडा पाणी नाही.