कारागृहातील तरुण आणि लैंगिक संसर्ग

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील १,३३० कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन बंदी होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे १८ ते ३० या वयोगटातील होते. दोष सिद्ध न झालेले हे तरुण जामिनावर किंवा निर्दोष सुटून कुटुंबात परततात. म्हणूनच त्यांचे लैंगिक आरोग्य हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.

संसर्गाची कारणे

उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनियासिस हे संसर्ग औषधांनी पूर्ण बरे होतात. हिपॅटायटिस-बी लसीने टाळता येतो. एचआयव्ही बरा होत नसला, तरी नियमित एआरटी औषधांनी आटोक्यात राहतो. मात्र यांतील अनेक संसर्गांत दीर्घकाळ लक्षणे दिसत नाहीत. शिवाय उपचार न झालेला लैंगिक संसर्ग एचआयव्हीच्या प्रसारास वाट करून देतो.

अनेक तरुण आत येतानाच संसर्गग्रस्त असतात. त्यात कारागृहातील परिस्थितीची भर पडते. २०२२ मध्ये कारागृहांतील बंद्यांची संख्या क्षमतेच्या १३१ टक्के होती. गर्दी, असुरक्षित संबंध, नवख्या बंद्यांवर होणारी लैंगिक बळजबरी, अमली पदार्थांसाठी एकाच सुईचा वापर आणि निर्जंतुक न केलेल्या साधनांनी गोंदणे यांतून धोका वाढतो. नॅकोच्या २०२१ च्या सर्वेक्षणात मध्यवर्ती कारागृहांतील बंद्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे दोन टक्के आढळले. सर्वसाधारण प्रौढ लोकसंख्येत ते सुमारे ०.२ टक्के होते.

कायदेशीर चौकट

कारागृहे हा सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीतील विषय आहे. १८ वर्षांखालील मुलांना कारागृहात न ठेवता बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार निरीक्षणगृहात किंवा विशेष गृहात ठेवले जाते. काही राज्यांत त्यापुढील वयाच्या तरुण अपराध्यांसाठी बोर्स्टल शाळा आहेत. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. राज्यसंस्थेच्या ताब्यातील प्रत्येक व्यक्तीला प्रतिबंध, समुपदेशन, चाचणी आणि उपचार यांचा हक्क या अधिनियमाचे कलम ३१ देते. मोजके अपवाद वगळता माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि अहवालाची गोपनीयता राखणे बंधनकारक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनीही बंद्यांना समाजातील इतरांइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा मोफत मिळावी, असे म्हटले आहे.

निरोध पुरविण्याचा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादग्रस्त राहिला. तिहार कारागृहातील निरोधवाटपाच्या वादातून १९९४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि तीत भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ला आव्हान देण्यात आले. निरोधवाटप म्हणजे गुन्ह्यास साहाय्य, हा विरोधकांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळल्यावर त्याचा आधार दुबळा झाला. २०१७ च्या अधिनियमानेही संसर्गाची जोखीम कमी करणाऱ्या उपायांना कायदेशीर संरक्षण दिले आहे.

दोन दारे, एक सेवा

उपायांचा भर प्रवेश आणि सुटका या दोन क्षणांवर असावा लागतो. प्रवेशाच्या वैद्यकीय तपासणीत लैंगिक संसर्गाची खासगीत चौकशी आणि स्वेच्छा चाचणी झाली, तर बरे होणारे संसर्ग तेथेच थांबतात. पहारेकऱ्यासमोर प्रश्न विचारल्यास तरुण लक्षणे लपवतो. आतील काळात नवख्या तरुणांचे बळजबरीपासून संरक्षण, तक्रारीची सुरक्षित सोय आणि प्रशिक्षित सहकारी बंद्यांकडून माहिती, हे घटक महत्त्वाचे आहेत.

सुटकेचा क्षण अधिक नाजूक असतो. जामिनाचा आदेश आल्यास बंदी काही तासांत बाहेर पडतो. सोबत औषधांचा साठा आणि गावाजवळील एआरटी केंद्राची किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी नसल्यास उपचार तुटतात. एआरटीत खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो, औषधे निष्प्रभ होऊ शकतात आणि जोडीदारालाही धोका निर्माण होतो. कारागृह व आरोग्य विभागांतील समन्वयाची खरी कसोटी येथे लागते. न्यायालय तरुणाचे स्वातंत्र्य मर्यादित करू शकते. त्याचा आरोग्याचा हक्क मात्र कारागृहाच्या दारात संपत नाही.