फोन हातात आहे, म्हणून कंपनी कळली असं नाही

मालगुंड, गणपतीपुळे, जयगड या आमच्या किनारपट्टीवर आज असं घर सापडणं कठीण, जिथे दोन-तीन स्मार्टफोन नाहीत. भाजीवाल्याकडे क्यूआर कोड आहे, मासळीचे पैसे मोबाईलवरून जातात, आखातातून येणारा पगार आला की नाही हेसुद्धा फोनवरच कळतं. आता त्याच फोनवर शेअर खरेदी-विक्रीचं ॲपही आलं आहे. कॉलेजातली मुलं आम्हाला विचारतात, "सर, ज्या कंपनीचं ॲप आपण रोज वापरतो, तिचाच शेअर घेतला तर काय हरकत?"

प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून समजून घ्यायला हवं, कारण गुंतवायचे पैसे बहुतेक वेळा मुलाचे नसतात. ते दुबई, दोहा किंवा कुवेतमध्ये राबणाऱ्या बापाचे किंवा भावाचे असतात. आखातातल्या नोकरीला पेन्शन नसते. माणूस पन्नाशी-पंचावन्नला परत आला की शिलकीवरच घर चालतं. ती शिल्लक चुकीच्या जागी गेली तर पुन्हा कमवायला वय उरत नाही.

अमळनेरची गोष्ट, पूर्ण सांगायची तर

शेअरचा विषय निघाला की कोणीतरी विप्रोचं नाव काढतंच. गोष्ट खरी आहे आणि आपल्या महाराष्ट्रातली आहे. १९४५ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी सुरू केली. माल होता वनस्पती तूप आणि साबण. १९६६ मध्ये वडिलांचं निधन झालं आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आयबीएम भारतातून बाहेर पडली. त्या मोकळ्या जागेत विप्रो संगणकाच्या धंद्यात उतरली, पुढे सॉफ्टवेअरमध्ये मोठी झाली. अमळनेरातल्या अनेक साध्या कुटुंबांकडे या कंपनीचे शेअर होते. ज्यांनी ते सांभाळले, त्यांचं नशीब उजळलं.

हिशेब करून बघा. १९९७ च्या बोनसच्या आधी कोणाकडे १०० शेअर असतील, तर त्या बोनसने ३०० झाले. १९९९ च्या विभाजनाने १५००, २००४ ला ४५००, २००५ ला ९०००, २०१० ला १५,०००, २०१७ ला ३०,०००, २०१९ ला ४०,००० आणि २०२४ ला ८०,००० झाले. नंतर एक रुपयाही न घालता.

पण बोनसने फक्त शेअरची संख्या वाढते. एका भाकरीचे चार तुकडे केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. इथे संपत्ती वाढली ती कंपनीची कमाई वर्षानुवर्षं वाढत गेली म्हणून. याच गोष्टीचा दुसरा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. २००० च्या फेब्रुवारीत सगळा देश सॉफ्टवेअरचे शेअर घेत होता, तेव्हा विप्रोचा भाव शिखरावर होता. पुढच्या दीड-पावणेदोन वर्षांत तो ८० टक्क्यांहून जास्त कोसळला. कंपनी चांगली होती, नफ्यात होती, तरी त्या शिखरावर घेणारे कित्येक वर्षं तोट्यात राहिले. म्हणजे कंपनी चांगली असणं पुरत नाही, आपण ती काय भावाने घेतो हेही तितकंच महत्त्वाचं.

मोहोर आणि आंबा

भाव महाग की स्वस्त हे ओळखायचं कसं? आपल्याकडच्या हापूसच्या बागेचं उदाहरण घेऊ. समजा एक बाग खर्च जाऊन वर्षाला २ लाख रुपये देते. मालक ४० लाख मागतो. म्हणजे वीस वर्षांच्या उत्पन्नाएवढी किंमत. शेअर बाजारात यालाच 'पीई' म्हणतात, इथे पीई २०. मालकाने २ कोटी मागितले, तर पीई १००. कोणताही बागायतदार अशा वेळी विचारील, "बाबा, एवढं काय आहे या बागेत?"

नव्या ॲप कंपन्यांचा पीई कित्येकदा शंभराच्या वर असतो, काहींना तर नफाच नसतो. तिथे आपण आंब्याचे नाही, मोहोराचे पैसे मोजत असतो. मोहोर भरगच्च आला म्हणून आंबा येतोच असं नाही. तुडतुडा आहे, अवकाळी पाऊस आहे.

२०२१ सालचे दोन दाखले बघा. जुलैमध्ये झोमॅटोचा शेअर ७६ रुपयांनी विकला गेला आणि बाजारात पहिल्याच दिवशी ११५ च्या वर उघडला. वर्षभरात, जुलै २०२२ मध्ये, तोच ४१ च्या आसपास आला. नंतर व्यवसाय सुधारला आणि २०२४ च्या अखेरीस भाव ३०० च्या आसपास गेला. दुसरा दाखला पेटीएमचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव २१५० रुपये. पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के पडला. जानेवारी २०२४ च्या शेवटी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले आणि मे महिन्यात भाव ३१० पर्यंत उतरला. पुढे तो हजाराच्या वर सावरला खरा, पण २१५० ला घेणाऱ्याची मुद्दल २०२५ मध्येही परत आली नव्हती. दोन्ही ॲप लोक रोज वापरत होते. वापर तोच, नशीब वेगळं.

जाणकार माणसं काय बघतात

अमेरिकेचे वॉरन बफे अनेक वर्षं तंत्रज्ञानाच्या कंपन्यांपासून लांब राहिले. मग २०१६ मध्ये त्यांच्या कंपनीने ॲपलचे शेअर घ्यायला सुरुवात केली. त्यांनी ॲपलकडे तंत्रज्ञान म्हणून नाही, ग्राहकाच्या सवयीची वस्तू म्हणून बघितलं. मोठी रक्कम देऊ केली तरी लोक आपला आयफोन कायमचा सोडणार नाहीत, असा त्यांचा अंदाज. पण २०२४ मध्ये त्यांनीच त्यातला जवळजवळ दोन-तृतीयांश हिस्सा विकला. आवडत्या कंपनीशीही त्यांनी निकाह लावला नव्हता.

मुंबईचे राकेश झुनझुनवाला यांना घड्याळ-दागिन्यांच्या टायटनने मोठं केलं. २०२१ ची ॲप कंपन्यांची लाट आली तेव्हा त्यांचा कल स्पष्ट होता. कंपनीची किंमत किती कोटी सांगितली जाते यापेक्षा धंद्यातून रोकड किती येते, हे त्यांना महत्त्वाचं वाटे.

घेण्याआधी तीन प्रश्न

पहिला: नफा कुठून आला? झोमॅटोने एप्रिल ते जून २०२३ या तिमाहीत पहिल्यांदा २ कोटींचा नफा दाखवला. पण त्याच तिमाहीत 'इतर उत्पन्न' १५० कोटींहून जास्त होतं. ठेवी आणि रोख्यांवर ठेवलेल्या पैशाचं व्याज वगैरे यात येतं. म्हणजे हे इतर उत्पन्न वगळलं, तर कंपनी तेव्हा तोट्यातच होती. आपल्यासाठी हा प्रश्न दुहेरी आहे. शरीअतच्या निकषांवर शेअर तपासणाऱ्या संस्था मूळ धंदा हलाल आहे का हे बघतातच, शिवाय कर्ज किती आणि व्याजाचं उत्पन्न किती हेही बघतात. अशा उत्पन्नाला साधारण ५ टक्क्यांची मर्यादा धरली जाते. निफ्टी आणि बीएसई दोन्हींचे शरीअत निर्देशांक आहेत, त्यांची यादी बघता येते. मतभेद असतील तिथे आपल्या आलिमांचा मशवरा घ्यावा.

दुसरा: आपला पैसा कोणाकडे जातो? पेटीएमच्या १८,३०० कोटींपैकी ८,३०० कोटीच कंपनीत आले, बाकीचे १०,००० कोटी जुन्या भागधारकांनी आपला हिस्सा विकून नेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एलजी इलेक्ट्रॉनिक्स इंडियाचा ११,६०७ कोटींचा इश्यू आला, तो सगळाच्या सगळा कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेला. हे बेकायदा मुळीच नाही, आणि एलजीचा शेअर पहिल्या दिवशी चांगला वरही गेला. पण विकणारा आपल्यापेक्षा जास्त जाणतो, एवढं ध्यानात ठेवावं.

तिसरा: देशाची हवा कशी आहे? टीव्ही, एसी, फोन या वस्तू लोक हातात पैसा खुळखुळला की घेतात. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, आणि २२ सप्टेंबरपासून एसी व मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. अशाने विक्रीला जोर मिळतो. उलट बाजूही बघा. दिरहॅम, रियाल ही चलनं डॉलरला बांधलेली आहेत. रुपया घसरला की आखातातून येणारा पगार रुपयांत फुगतो, घरात आनंद होतो. पण फोनचे अनेक सुटे भाग बाहेरून डॉलरमध्ये येतात, त्यामुळे कंपनीचा खर्च वाढतो. जी गोष्ट आपल्या घराला फायद्याची, तीच आपण घेतलेल्या शेअरला तोट्याची ठरू शकते.

मुलांना काय सांगावं

शेअर घेणं आणि 'फ्युचर्स-ऑप्शन्स' खेळणं एक नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या खेळात उतरलेल्या दर १०० जणांपैकी ९३ जण तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर. ॲप तेच, बटण शेजारचंच. म्हणून घरच्या मोठ्यांनी मुलाचं ॲप उघडून नेमकं काय चाललंय ते बघावं.

परदेशात नोकरीला असलेल्या माणसाने साधं बचत खातं आणि साधं डीमॅट चालू ठेवणं नियमात बसत नाही. एनआरओ किंवा एनआरई खातं करून घ्यावं, नाहीतर पुढे विक्रीच्या वेळी अडचण येते.

आणि घरच्या पैशाचे वाटे आधी करावेत. सहा महिन्यांचा घरखर्च, मुलांची फी, आजारपण, हजची नियत केली असेल तर ती रक्कम, हे सगळं बाजूला. उरलेल्यातला थोडा भाग, जो पाच-सात वर्षं लागणार नाही, तोच शेअरमध्ये. घेण्याआधी मुलाला एका कागदावर लिहायला लावा: ही कंपनी पैसे कशातून कमावते, आणि मी हा भाव का देतो आहे. दोन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर त्या महिन्याचे पैसे खात्यातच राहू द्या.