एक सुरवंट, तीन तास

एरिक कार्ल यांचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे चित्रपुस्तक १९६९ मध्ये अमेरिकेत निघालं. तेच पुस्तक वेगवेगळ्या विषयांच्या तासांना चालतं.

गणित : सुरवंट सोमवारी १ सफरचंद खातो, मंगळवारी २ नासपती, असं करत शुक्रवारी ५ संत्री. फळं झाली १५. शनिवारचे १० पदार्थ धरले की २५. पानांना खरीखुरी भोकं आहेत, त्यांत बोट घालून मुलं मोजतात.

विज्ञान : अंडं, अळी, कोश, फुलपाखरू. इथे शिक्षकानं जरूर थांबावं. गोष्टीत 'ककून' आहे, पण रेशमी ककून विणतात ते बहुधा पतंग. फुलपाखराचा कोश म्हणजे 'क्रिसॅलिस'.

चित्रकला : पुस्तकातल्या चित्रांसारखं रंगवलेल्या टिश्यू पेपरचं कोलाज.

असे तास म्हणजे कथाधारित अध्यापन. पूरक वाचनाशी त्याचा फरक : पूरक वाचनात पुस्तक धड्याच्या जोडीला येतं, कथाधारित अध्यापनात धडाच गोष्टीतून उलगडतो.

अशा तासांसाठी मराठीत गोष्टी शोधायच्या तर : बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासून.