दूरच्या दीर्घिकांचे क्ष-किरण

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात क्ष-किरण चित्र काढले जाते तेव्हा किरण कोणत्या नळीतून निघाले हे तंत्रज्ञास ठाऊक असते. शोधावयाचे असते ते देहातील व्यंग. सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रांकडून येणाऱ्या क्ष-किरणांच्या बाबतीत मात्र उगमही अज्ञात आणि वाटेतील पडदाही अज्ञात. हाती आलेल्या किरणांवरूनच दोहोंचा निर्णय करावयाचा, हे या विषयातील खरे अवघड काम होय.

पृथ्वीचे वातावरण हे किरण शोषून घेते. आपल्या आरोग्याच्या दृष्टीने ते बरेच आहे. पण त्यामुळे दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील क्ष-किरण उपकरणांच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता. पुण्याचे ‘आयुका’ केंद्रही त्यात सहभागी होते.

अशा दीर्घिकेच्या केंद्री लक्षावधी, क्वचित अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्याकडे ओढला जाणारा वायू तबकडीसारखा भोवती फिरत तापतो व मुख्यतः अतिनील प्रकाश देतो. मग क्ष-किरण येतात कोठून? विवरालगत अतितप्त इलेक्ट्रॉनांचा मेघ असून अतिनील प्रकाशकण त्यांवर आदळून ऊर्जा मिळवितात, असे आज मानले जाते. या मेघाचा आकार घड्याळावरून ताडता येतो. किरणांची तीव्रता तासाभरात दुप्पट झाली, तर उगमाचा विस्तार प्रकाशाच्या तासाभराच्या वाटचालीहून, म्हणजे सुमारे 108 कोटी किलोमीटरांहून, फारसा मोठा असू शकत नाही. सूर्यापासून शनीचे अंतरही याहून अधिक आहे!

मेघातील काही किरण तबकडीवर पडून परततात, तेव्हा त्यांच्या वर्णपटात 6.4 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी लोहाची खूण उमटते. जपानच्या ‘आस्का’ उपग्रहाच्या, 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत ही रेषा कमी ऊर्जेच्या बाजूस ताणलेली आढळली आणि वाद उभा राहिला. विवराच्या प्रबळ गुरुत्वामुळे ती ताणली गेली, असे काहींचे म्हणणे. वाटेतील वायूच्या ढगांनी काही किरण अडविल्याने ती तशी भासते, असे इतरांचे. पहिला अर्थ खरा असेल तर विवर किती वेगाने फिरते हे सांगता येते. दुसरा खरा ठरला तर तो हिशेबच कोसळतो. अधिक ऊर्जेचे किरण ढगांतून सहज सुटतात, म्हणून साक्ष त्यांची घ्यावी लागते. अमेरिकेच्या ‘नुस्टार’ व युरोपच्या ‘एक्सएमएम-न्यूटन’ या उपग्रहांनी एनजीसी 1365 या दीर्घिकेची अशी साक्ष एकत्रितपणे नोंदविली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा कौल पहिल्या अर्थाकडे झुकला. तथापि एका दीर्घिकेवरून सर्वांचा निवाडा करणे घाईचे होईल.

अतिनील प्रकाश व क्ष-किरण एकाच वेळी टिपणे, ही ॲस्ट्रोसॅटची खुबी आहे. तबकडी आणि मेघ यांपैकी आधी कोण उजळते, हे त्यामुळे पडताळता येते. या उपग्रहाच्या निरीक्षणांचा संग्रह भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने 2018 मध्ये सर्वांसाठी खुला केला असून, मराठवाड्यातील महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या अध्यापकासही संगणकावर हे वर्णपट स्वतः तपासता येतात.