रीलमधला शब्द परीक्षेत का आठवत नाही?

‘रोज पाच नवे इंग्रजी शब्द’ शिकवणारी रील पाहिली नाही, असा कॉलेजचा विद्यार्थी आज सापडणे कठीण. मराठी माध्यमातून बारावी करून पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांना तर तिचा मोठाच आधार वाटतो. फुकट असते, मिनिटभरात संपते आणि उच्चार चुकला तरी हसायला कुणी नसते. पण आठवड्याने त्यातला एखादा शब्द वाक्यात वापर म्हटले, की उत्तर ठरलेले: ‘बघितलाय, पण आता आठवत नाही.’

यात बुद्धीचा दोष नाही. समोर आलेला शब्द ओळखणे वेगळे आणि कोऱ्या कागदावर तो आठवणे वेगळे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे नेमका लागू पडतो. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. गंमत अशी, की आपल्याला चांगले आठवेल याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. रील पाहून ‘आला की शब्द!’ असे वाटते, ते याच फसव्या खात्रीतून.

दुसरी अडचण फीडच्या रचनेतच आहे. विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सर्वाधिक असतो, हे जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाऊसने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले. म्हणजे शब्द टिकवायचा तर तो अंतराअंतराने पुन्हा भेटायला हवा. फीडचा धंदा मात्र तुम्हाला सतत नवे दाखवण्यावर चालतो. कालचा शब्द आज परत दाखवून त्याला काय मिळणार? आणि ‘सेव्ह’चे बटण दाबले की काम झाल्याचे समाधान मिळते. ती यादी पुन्हा उघडतो कोण!

शब्दांची निवडही विचित्र असते. रीलवाल्यांना भारदस्त, चारचौघांत मिरवायचे शब्द आवडतात. पाठ्यपुस्तक अडते ते ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘सिग्निफिकंट’ अशांपाशी. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची, म्हणजे एकाच मूळ शब्दाच्या रूपांच्या गटांची, यादी प्रसिद्ध केली. शैक्षणिक मजकुरातले साधारण दहा टक्के शब्द या यादीतले असतात. ही यादी इंटरनेटवर फुकट मिळते, पण तिला संगीत आणि नाच नसल्यामुळे ती व्हायरल होत नाही.

म्हणून मोबाइल फेकून द्यायला नको. रीलमधून शब्दाचा उच्चार कानावर पडतो, तो कुठल्या प्रसंगात वापरतात ते दिसते. कोरड्या शब्दकोशाला हे जमत नाही. उरलेले काम व्हॉट्सअॅपवर होऊ शकते. चार-पाच मित्रमैत्रिणींचा गट करा. एकाने मराठी अर्थ टाकायचा, बाकीच्यांनी न शोधता इंग्रजी शब्द आणि आपल्याच आयुष्यातले एक वाक्य लिहायचे. तोच शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारायचा. पर्याय देऊ नका. पर्याय दिले की पुन्हा नुसते ओळखणे सुरू होते.

आज रात्री नवी रील पाहण्याआधी ‘सेव्ह’ केलेल्यांपैकी दहा शब्द आठवून कागदावर लिहा. जे सुचणार नाहीत, त्यांच्यापासूनच गटाची सुरुवात करा.