वाजवी फी ठरवायची कुणी?

अमेरिकेत घरकर्जासाठी घराची किंमत ठरवणारा मूल्यांकक अनेकदा मध्यस्थ कंपनीमार्फत येतो. ग्राहक फी पूर्ण भरतो. त्यातला मोठा वाटा कंपनी कापते आणि उन्हातान्हात घर मोजणाऱ्याच्या हाती उरलेलं पडतं. म्हणून 2010 च्या डॉड-फ्रँक कायद्याने घराच्या भागातली ‘रूढ आणि वाजवी’ फी सक्तीची केली. लुइझियानाचं मूल्यांककांचं राज्य मंडळ पुढे गेलं: एका विद्यापीठाच्या सर्वेक्षणातल्या मध्यक फीपेक्षा कमी देणाऱ्या कंपन्यांवर त्याने बडगा उगारला. पण मंडळात बहुसंख्य सदस्य मूल्यांककच! फेडरल ट्रेड कमिशनने 2017 मध्ये स्पर्धाभंगाचा खटला भरला. 2022 च्या तडजोडीत मंडळाला तो नियम मागे घ्यावा लागला. डॉड-फ्रँकची सक्ती मात्र कायम आहे.