झाशीच्या तटाआतला भिक्षुक

मार्च १८५८मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला. त्या फौजेबरोबर मद्रास सॅपर्सचा डॉक्टर थॉमस लो होता. तटाच्या आत अडकले होते पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे. पुढे दोघांनीही आपापली हकीकत लिहिली. लो याचे पुस्तक १८६०मध्ये निघाले. विष्णुभटांचे ‘माझा प्रवास’ छापून यायला १९०७ साल उजाडले.

विष्णुभटांना लढाईशी काही देणेघेणे नव्हते. घरची ओढगस्त होती. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा बरी मिळेल, असे कानावर आले आणि काकांबरोबर ते उत्तरेला निघाले. महूजवळ शिपायांनीच त्यांना येऊ घातलेल्या १८५७च्या बंडाची वर्दी दिली. तरी ते पुढे गेले आणि शेवटी झाशीच्या वेढ्यात सापडले.

लष्करी इतिहासात झाशीचा पाडाव म्हणजे तोफांचे मोर्चे, तटाला पडलेले खिंडार आणि ३ एप्रिलचा हल्ला. विष्णुभट त्यानंतरचे दिवस सांगतात. घरोघर कत्तल, लपून बसलेली माणसे, पेटलेली वस्ती. सोनेनाणे उचलून झाल्यावर लूट भांड्याकुंड्यांवर, कपड्यांवर, शेवटी धान्यावर येते. जीव वाचलेल्यांनी पुढे खायचे काय, हा प्रश्न इथे उभा राहतो. काळपीच्या वाटेवर त्यांना झाशीच्या राणी लक्ष्मीबाई भेटतात. तहानलेल्या, धुळीने माखलेल्या. भटजींना पाणी शेंदू न देता त्या स्वतःच विहिरीतून पाणी काढतात. पराभव कसा दिसतो, हे इतक्या जवळून सांगणारा मजकूर विरळाच.

मात्र पुस्तक डोळसपणे वाचायला हवे. इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून विष्णुभटांनी ते सुमारे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून लिहिले. त्यामुळे तारखा आणि आकडे ताडून घ्यावेत. ऐकीव गोष्टी आणि डोळ्यांदेखत घडलेले यांत फरक करावा. शिवाय वैद्यांनी छापताना मजकुरावर बराच हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६मध्ये आली.

वेढ्याचे डावपेच समजून घ्यायचे तर लो वाचा. वेढ्यात सापडलेल्या माणसाचे काय होते, हे कळायला विष्णुभटांना पर्याय नाही. आणि वाचाल तेव्हा पोतदारांचीच प्रत मिळवा.